सालाझारची राजवट इतकी कशी टिकली?

प्रश्न : गोवा 1961 मध्ये मुक्त झाला, पण खुद्द पोर्तुगालमधली हुकूमशाही 1974 पर्यंत चालली. ती एवढी वर्षे कशी टिकली?

उत्तर : केवळ बंदुकीच्या धाकावर नाही. 1926 मध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा तिजोरी खडखडीत होती. कोइंब्रा विद्यापीठातले प्राध्यापक सालाझार 1928 मध्ये अर्थमंत्री झाले, त्यांनी जमाखर्च जुळवला आणि त्या जोरावर 1932 मध्ये ते पंतप्रधान झाले. लष्कर, चर्च, जमीनदार, बडे उद्योगपती या सगळ्यांचे हितसंबंध त्यांनी सांभाळले. बाकीच्यांसाठी सेन्सॉर होता आणि 'पीडे' हे गुप्त पोलीस खाते होते. प्रत्येकाला तुरुंगात टाकण्याची गरज नव्हती. शेजारी खबऱ्या असेल, ही शंका पुरत असे. गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना मात्र थेट पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात डांबले गेले.

मला सर्वांत बोलकी वाटते ती 1958 ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. जनरल उंबेर्तो देल्गादो यांनी निवडून आल्यास सालाझारना काढून टाकण्याची जाहीर भाषा केली आणि त्यांच्या सभांना लोटणारी गर्दी पाहून सरकार हादरले. देल्गादोंना पराभूत घोषित केले गेले. पुढच्याच वर्षी घटना बदलून जनतेचा राष्ट्राध्यक्ष निवडण्याचा हक्कच काढून घेतला. 1965 मध्ये स्पेनच्या हद्दीत 'पीडे'ने देल्गादोंचा खून केला.

अशा राजवटी नावेही बदलत राहतात. 1951 मध्ये वसाहतींना 'सागरापलीकडचे प्रांत' म्हणायला सुरुवात झाली. 1968 मध्ये सालाझार आजारी पडून पायउतार झाले, मार्सेलो काएतानो आले. पुढच्या वर्षी 'पीडे'लाही नवे नाव मिळाले. कारभार तोच राहिला.

वसाहती सोडायच्या नाहीत, हा हट्ट मात्र भोवला. डिसेंबर 1961 मध्ये गोव्यात अखेरपर्यंत लढण्याचा हुकूम होता. गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणागती पत्करून असंख्य जीव वाचवले, आणि त्याबद्दल त्यांना सैन्यातून बडतर्फ केले गेले. त्याच वर्षी अंगोलात युद्ध पेटले, मग गिनी आणि मोझांबिकमध्येही. या न संपणाऱ्या लढाईला विटलेल्या तरुण कप्तानांनी 25 एप्रिल 1974 रोजी एका दिवसात राजवट उलथवली.

गोवा भारताचा आहे, हे पोर्तुगालने त्यानंतरच, 31 डिसेंबर 1974 च्या कराराने मान्य केले.