वॉर्डात सगळ्यांना ‘अहो’

पोरी, सोमवारी तू जिल्हा रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून रुजू होणार. तुझ्या आत्याने सरकारी दवाखान्यांत चौतीस वर्षं काढली, शेवटची सात इन्चार्ज म्हणून. सलाईन कशी लावायची, ड्यूटी बदलताना ओव्हर कशी घ्यायची हे तुला कॉलेजात शिकवलंच आहे. मी सांगणार आहे ते वहीत नसतं.

आधी जिभेचं सांगते. कॅज्युअल्टीच्या दारात दहा मिनिटं उभी राहा आणि नुसतं ऐक. इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस आला की, ‘या, बसा, काय होतंय?’ त्याच्या मागून विटक्या लुगड्यातली आजी आली की, ‘ए म्हातारे, थांब तिकडं!’ बोलणारी मनाने वाईट नसते, पण कपडे बघून जीभ आपोआप वळते. रोग काय हे विचारायच्या आत कोण वरचं, कोण खालचं हे ठरून गेलेलं असतं. म्हणून मोठ्या माणसाला ‘तुम्ही’च म्हणायचं. ऊसतोडीवरून आलेली बाई असो, रस्त्यावरून उचलून आणलेला बेवारस असो, नाहीतर पोलिसांनी बेडीसकट आणलेला कैदी. एखादी आजी स्वतःच म्हणेल, ‘अगं, मला कशाला अहो-जाहो?’ मग तिच्याशी खुशाल ‘तू’वर ये. तो मान तिने दिलेला असेल, आपण घेतलेला नसेल.

या ‘तुम्ही’चा मोठा उपयोग मला एका तृतीयपंथी रुग्णामुळे कळला. अंगावर साडी, आधार कार्डावर पुरुषाचं नाव. केसपेपरच्या खिडकीवर कुणीतरी मोठ्याने विचारलं, ‘आला लिहू का आली?’ सगळी रांग हसली. पोटात प्रचंड दुखत असूनही ती व्यक्ती मागे वळून चालू लागली होती. मी धावत जाऊन विचारलं, ‘तुम्ही कधीपासून थांबलात?’ त्या वाक्यात बाई-पुरुष काहीच नव्हतं. ‘तू आलास’, ‘तू आलीस’ यांत निवड करावी लागते, ‘तुम्ही आलात’मध्ये लागत नाही. आपल्या भाषेनेच सोय करून ठेवली आहे. मग आवाज खाली आणून विचारायचं, ‘कोणत्या नावाने हाक मारू?’ आणि त्याच नावाने मारायची. आपली ओळख आपण सांगायचा हक्क सुप्रीम कोर्टाने 2014 साली मान्य केला आहे आणि 2019 च्या कायद्याने दवाखान्यातल्या भेदभावाला मनाई आहे. खिडकीवर कुणी वाद घातला तर हे दोन आकडे तोंडपाठ असू देत.

लेबर रूममध्ये एका अक्षराला जप. ‘मुलगीच झाली’ यातला ‘च’ मी शेकडो वेळा ऐकला. तेवढ्या एका अक्षराने बाहेर उभ्या सासूचा चेहरा पडतो आणि आतल्या बाळंतिणीचे पुढचे सहा महिने ठरतात. ‘मुलगी झाली, छान रडली, वजन चांगलं आहे’ असं सांग आणि आवाज मुलाच्या वेळी असतो तसाच ठेव. मुलगा झाला म्हणून बक्षिशी मागणाऱ्या हाताला तिथल्या तिथे थांबव.

जातही तुला विचारावी लागेल. जननी सुरक्षा योजनेचे पैसे आपल्याकडे दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बायकांना मिळतात, खेड्यात 700 रुपये आणि शहरात 600. पण वॉर्डाच्या मधोमध उभं राहून ‘तुझी जात काय गं?’ असं ओरडायचं नाही. खाटेजवळ बस, कशासाठी विचारतेस ते सांग आणि हळू विचार. तीच रीत ‘नवऱ्याचं नाव’ या रकान्याची. गर्भपातासाठी आलेली सज्ञान बाई लग्नाची की बिनलग्नाची, याने तिचा हक्क बदलत नाही. सुप्रीम कोर्टाने 29 सप्टेंबर 2022 ला ते स्पष्ट केलं. तिची स्वतःची सही पुरते, नवऱ्याची लागत नाही.

आता हातमोज्यांचं. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका एचआयव्हीच्या रुग्णाची खाट संडासाजवळच्या कोपऱ्यात ओढून ठेवली होती, केसपेपरवर लाल शाईने ठळक लिहिलं होतं. मी त्याचं ड्रेसिंग करायला दोन-दोन हातमोजे चढवून गेले. शेजारच्या खाटेवरचं ड्रेसिंग त्याच्या डोळ्यांदेखत मी उघड्या हातांनी केलं होतं. तो काही बोलला नाही. माझ्या हातांकडे बघत राहिला आणि मग त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. ती चूक माझी होती, आणि दुहेरी होती. माणूस म्हणून मी त्याला दुखावलं आणि नर्स म्हणून शेजारच्याच्या रक्तात काय आहे हे न कळताच त्याला निर्धोक धरलं. रक्त, जखम, स्राव आला की हातमोजे सगळ्यांसाठी, एकसारखे. ताप बघायला, नाडी धरायला, पाठीवरून हात फिरवायला ते लागत नाहीत, कुणासाठीच नाहीत. सुई टोचली तर साबण-पाण्याने धू आणि लगेच कळव. औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हावं, 72 तासांनंतर उपयोग नाही. एवढं माहीत असलं की भीती राहत नाही, आणि भीती गेली की खाट कोपऱ्यात ओढावीशी वाटत नाही. 10 सप्टेंबर 2018 पासून एचआयव्हीचा कायदाही लागू आहे. संमतीशिवाय तपासणी नाही, बोभाटा नाही.

सगळ्यांना एकाच मापाने मोजलं की न्याय झाला असं मात्र समजू नकोस. एक कोरकू बाई रोज रात्री खाटेवरून उतरून फरशीवर निजायची. आम्ही रोज उचलून वर ठेवायचो, रागवायचो. चौथ्या दिवशी तिची भाषा बोलणारा एक मुलगा भेटला, तेव्हा कळलं की ती जन्मात कधी खाटेवर निजलेली नव्हती, झोपेत पडायची तिला धास्ती होती. खाली गादी घातली आणि ती पहाटेपर्यंत गाढ झोपली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी दवाखाना बांधण्याआधी गोंड लोकांनाच विचारलं होतं की तुम्ही दवाखान्यात का येत नाही. लोकांनी सांगितलं की तिथली माणसं पांढरे कपडे घालतात, आम्ही पांढऱ्यात मेलेल्याला गुंडाळतो. शिवाय नातेवाइकांना आत राहू देत नाहीत. मग त्यांनी शोधग्राम या आपल्या परिसरात झोपड्यांसारख्या खोल्या बांधल्या, नातेवाइकांना रुग्णाजवळ राहायची सोय केली आणि दवाखान्याला दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. तुला वॉर्ड बांधता येणार नाही, पण विचारता येईल. रुग्णाची भाषा बोलणारं कुणी स्टाफमध्ये आहे का, हे पहिल्याच आठवड्यात शोधून ठेव.

बारीकसारीक गोष्टीही लक्षात ठेव. ऑपरेशनआधी बांगड्या काढताना ‘फोडू’ म्हणायचं नाही, ‘वाढवू’ म्हणायचं, आणि आधी साबण लावून काढून बघायच्या. मंगळसूत्र तिच्याच माणसाच्या हाती द्यायचं. रमजानमध्ये मधुमेहाच्या रुग्णाला ‘रोजा धरलाय का?’ असं सरळ, प्रेमाने विचार आणि डॉक्टरांना सांगून गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा बदलून घे. दटावलंस तर तो रोजा लपवेल आणि साखर उतरून बेशुद्ध होईल. सावळ्या कातडीवर फिकटपणा, निळेपणा पटकन कळत नाही, म्हणून पापणी आतून बघ, जीभ बघ. बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या यंत्रावरही आंधळा भरवसा नको. 2020 साली अमेरिकेत निघालेल्या अभ्यासात दिसलं की काळ्या रुग्णांचा घटलेला ऑक्सिजन ते यंत्र गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा चुकवतं. आकडा चांगला आणि माणूस धापा टाकतोय, असं दिसलं तर माणसावर विश्वास ठेव.

शेवटी आपल्या घरातलं, म्हणजे स्टाफमधलं. सफाईच्या मावशींचा कप वेगळा ठेवलेला दिसला तर पहिल्या दिवशी त्याच कपातून चहा पी. कुणी ‘कोट्यातली’ म्हणून कुजबुजलं तर हसून सोडून देऊ नकोस, ‘परत म्हणू नका’ एवढं तोंडावर सांग. एका आजींनी माझ्या ज्युनियरच्या हातून गोळी घ्यायला नकार दिला होता, ‘दुसरी पाठवा’ म्हणाल्या. मी म्हटलं, ‘आजी, आज तुमच्या खाटेची ड्यूटी हिचीच आहे, गोळी हीच देणार.’ मी तिथेच उभी राहिले. दहा मिनिटांनी आजींनी हात पुढे केला. तुला कधी असं कुणी टाळलं तर एकटी रडू नकोस, इन्चार्जला जाऊन सांग. आणि उद्या तू इन्चार्ज झालीस तर अशा वेळी ज्युनियरच्या शेजारी उभी राहा.

सोमवारी ओव्हर घेताना ‘सात नंबर’ म्हणू नकोस. आधी केसपेपर बघ आणि त्यांना नावाने हाक मार.