एम.एस.चा रुग्ण विसरतो तेव्हा : संगणकावर बुद्धीचा सराव

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एम.एस., हा मेंदू व मज्जारज्जूचा आजार आहे. शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारशक्तीच यात मज्जातंतूंवरील मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. आवरण झिजले की तंतूंतून जाणारा संदेश मंदावतो किंवा अडतो. हा आजार बहुधा २० ते ४० या वयात, म्हणजे ऐन कमावत्या वयात सुरू होतो व पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळतो.

तोल जाणे, नजर अंधुक होणे, हातपाय बधिर होणे ही लक्षणे चारचौघांना दिसतात. विचारांची गती मंदावणे व नवीन गोष्ट लक्षात न राहणे ही लक्षणे मात्र दिसत नाहीत. अमेरिकेत स्टीफन राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली १०० रुग्णांची व १०० निरोगी व्यक्तींची बौद्धिक तपासणी प्रसिद्ध केली. रुग्णांपैकी ४८ जणांत दोष आढळला; निरोगी व्यक्तींपैकी केवळ ५ जणांत. तरीही अशा माणसाला घरी 'आळशी' म्हटले जाते आणि कचेरीत 'कामात लक्ष नाही' असा शेरा मिळतो.

आम्ही बँकेत नोकरी करतो, म्हणून तिथलाच दाखला देतो. खातेवही कपाटात जागेवर असते. पण कपाटाकडे जाणारी वाट खराब झाली, तर ती काउंटरवर यायला वेळ लागतो. गिऱ्हाईकाने थोडे थांबावे. खातेच नाही असे समजू नये. एम.एस.मध्ये पुष्कळदा असेच घडते. ही गती मोजण्यासाठी एक सोपी चाचणी वापरतात. नऊ चिन्हांना नऊ अंक दिलेले असतात आणि ९० सेकंदांत जास्तीत जास्त चिन्हांचे अंक सांगायचे असतात.

आता संगणकाचा उपयोग पाहू. पडद्यावर चित्रे, आकडे वा शब्द येतात. रुग्णाने ते ओळखायचे, लक्षात ठेवायचे किंवा ठरावीक चिन्ह दिसताच कळ दाबायची. उत्तरे बरोबर येऊ लागली की संगणक वेग वाढवतो; चुकू लागली की सोपे करतो. प्रत्येकाच्या कुवतीप्रमाणे बदलणारा सराव हेच या पद्धतीचे मर्म होय.

याचा लाभ होतो का? न्यूयॉर्क येथील ली चार्वेट व सहकाऱ्यांनी २०१७ साली १३५ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. रुग्णांनी १२ आठवडे घरीच, दूरवरच्या देखरेखीखाली सराव केला. एका गटाला असा बदलता सराव दिला, तर दुसऱ्याला नेहमीचे संगणकीय खेळ. दुसरा गट जास्त तास खेळला, तरी बौद्धिक चाचण्यांत पहिल्या गटाची सुधारणा अधिक ठरली. म्हणजे नुसते खेळत बसणे पुरेसे नाही.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. आजार सतत वाढत जाणाऱ्या ३११ रुग्णांवर सहा देशांत झालेला प्रयोग २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात संगणकीय सराव व शारीरिक व्यायाम एकत्र देऊनही विचारांच्या गतीत इतर गटांपेक्षा विशेष फरक पडला नाही. सारांश, हा सराव आजार बरा करत नाही. काहींना मदत करतो. चाचणीतले गुण वाढले म्हणजे रोजचे व्यवहार तेवढेच सुधारतात, असेही नव्हे. हमखास गुण देण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना भुलू नये.

घरच्यांनी काय करावे?

१) मेंदूविकारतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ यांच्याकडून आधी तपासणी करून घ्यावी. नैराश्य व अपुरी झोप यांनीही स्मरण बिघडते.

२) या आजारात थकवा लवकर येतो व उकाड्याने त्रास वाढतो. म्हणून सराव थोडा थोडा, विश्रांती घेत, गारव्याला बसून करावा.

३) वही, दिनदर्शिका व मोबाईलचा गजर यांचा आधार घ्यावा.

४) एका वेळी एकच काम सांगावे व उत्तरासाठी थांबावे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश आहे. तेव्हा नोकरीच्या ठिकाणी योग्य त्या सोयी मागणे ही दयेची याचना ठरत नाही. संगणक सराव देईल. पण रुग्णाला बोलायला पुरेसा वेळ देणे हे काम तुम्हा-आम्हा सर्वांचे आहे.