एक रात्र, १८० किलोमीटर

'नाईट मारणे' म्हटलं की आपल्याला सबमिशन आणि अपुरी जर्नल्स आठवतात. पण लंडनमध्ये जुलैच्या पौर्णिमेच्या जवळच्या शनिवारी लोक चक्क सायकलवर नाईट मारतात! या राईडचं नाव 'डनविच डायनॅमो'. हॅकनीमधल्या लंडन फील्ड्स या बागेपासून संध्याकाळी निघायचं, एपिंगचं जंगल आणि एसेक्स-सफोकमधली खेडी मागे टाकत सकाळी डनविचच्या समुद्रकिनारी पोचायचं. अंतर साधारण १८० किलोमीटर. नावनोंदणी नाही, फी नाही, बक्षीस नाही. मागे मदतीची गाडीसुद्धा नाही. पंक्चर झालं तर आपलं आपण काढायचं.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मोजक्या लोकांनी हे सुरू केलं. पुढे आकडा हजाराच्या वर गेला. राईड तीच, रस्ता जवळपास तोच. मग बदललं काय? जरा हिशोब करू.

ओळख : ३० जणांच्या ग्रुपमध्ये ४३५ जोड्या होतात, म्हणजे रात्रभरात बहुतेकांची तोंडओळख होऊ शकते. १००० जणांत जोड्या होतात ४,९९,५००! इथे कोण मागे राहिलं हे कोणालाच कळत नाही. 'आपण सगळे' जाऊन 'ते बाकीचे' येतात.

चहा : वाटेत एखाद्या गावात चहाचं एकच काउंटर आहे आणि माणशी २० सेकंद लागतात असं धरा. ३० जणांना १० मिनिटं पुरतात. १००० जणांना साडेपाच तास लागतील, म्हणजे शेवटच्याला चहा मिळेपर्यंत उजाडलेलं असेल! प्रत्यक्षात एवढा घोळ होत नाही, कारण इथे सगळे एकदम सुटत नाहीत. ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा तो निघतो. शिवाय ताशी २५ किलोमीटरने जाणारा निम्म्या वाटेवर साडेतीन तासांत पोचतो, १५ ने जाणाऱ्याला ६ तास लागतात. गर्दी आपोआप पांगते. उद्या कोणी 'शिस्त' म्हणून शिट्टी वाजवून सगळ्यांना एकत्र सोडलं, तर मात्र वाट लागेल.

रस्ता : पूर्वी हातात कागदी रूट-शीट असायची आणि काही वळणांवर काचेच्या बरणीत मेणबत्ती लावून ठेवलेली असायची. आता हँडलवर जीपीएस असतो. शिवाय पुढे लाल दिव्यांची रांग दिसतेच, तिच्या मागे जायचं. सोय झाली, पण पुढचा चुकला की मागचे पन्नास चुकतात! दिव्यांचंही तसंच. एलईडीमुळे खड्डा लांबून दिसतो, पण तोच प्रखर दिवा समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवतो.

परतीचा प्रवास : डनविच मध्ययुगात मोठं बंदर होतं. १२८६ पासूनच्या वादळांनी ते हळूहळू समुद्रात गेलं. आज तिथे जेमतेम शंभरेक वस्ती आहे. गावात स्टेशन नाही आणि जवळच्या स्टेशनवरच्या गाडीत सायकली थोड्याच मावतात. पाच-दहा जण कसेही घरी जातील. शेकडो लोकांसाठी मात्र बसेस आणि सायकली नेणारे ट्रक लागतात, त्यांचं बुकिंग आधी करावं लागतं. ही व्यवस्था लंडनच्या एका सायकल ग्रुपच्या स्वयंसेवकांनी अनेक वर्षं सांभाळली. म्हणजे फुकट राईडलाही परतीचं तिकीट आलंच!

यात आपला मुद्दा आहे. राईड कोणाच्याच मालकीची नाही, म्हणून ती टिकली असं म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. राईडला मालक नाही, पण कामांना आहेत. कोणीतरी बस ठरवतो, कोणीतरी मध्यरात्री गावचं सभागृह उघडून खायला घालतो. ही माणसं थकली तर हजार जणांचा उत्साह काही कामाचा नाही. आणि ज्या खेड्यांतून रात्री दोन वाजता आरडाओरडा करत आपण गेलो, कचरा टाकला, तिथले लोक पुढच्या वर्षी दार उघडतील का?

आपल्या हॉस्टेलमधूनही रात्री सायकली निघतात. पाच जण असाल तर फार विचार नको. पन्नास व्हायला लागलात तर निघण्याआधी चार गोष्टी ठरवा : छोटे छोटे गट, प्रत्येक गटात शेवटी राहणारा एक जण, परत यायची सोय, आणि कचऱ्याची पिशवी कोणाकडे. चौथ्या कामाला सहसा कोणी हात वर करत नाही. तो हात तुमचा असू दे.