पंधराचे तीन, तिनाचे पाच

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी गॅसवाला सिलिंडर खालीच ठेवून गेला. बायको म्हणाली, "दोन वर्षं जिमला जाताय ना? मग आणा वर." सिलिंडरच्या कड्याखाली रंगवलेला आकडा वाचला. टाकी १५.४ किलो, आत गॅस १४.२. म्हणजे जवळजवळ तीस किलो. पहिल्या मजल्याच्या वळणावरच मी तो टेकवला. शेजारचा पोरगा "काका, सोडा" म्हणाला आणि खांद्यावर टाकून घेऊन गेला. तो जन्मात जिमला गेलेला नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलतो.

दोन वर्षं मी केलं काय होतं? पहिल्या दिवशी सरांनी कार्डावर लिहून दिलं होतं : प्रत्येक व्यायाम पंधरा वेळा, तीन सेट. हातात पाच किलोचे डंबेल. नव्या माणसाला हालचाल अंगवळणी पडावी म्हणून महिना-दीड महिना हे ठीकच. पण ते कार्ड पुढे बदलायचं असतं हे सरांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पंधराव्यांदा डंबेल उचलताना मी शेजाऱ्याशी निवडणुकीच्या गप्पा मारू शकत होतो, यातच सगळं आलं. घाम यायचा, सेट मोजून व्हायचे, अंग मात्र होतं तिथेच.

सिलिंडरची लाज वाटली आणि मी उलट्या टोकाला गेलो. जिममधली विशी-पंचविशीतली पोरं डेडलिफ्ट तीन-तीन वेळा, पाच सेट मारायची. तेच उचललं. वय सेहेचाळीस, दिवसभर खुर्चीत बसून हिशेब. दर आठवड्याला रॉडवर दहा किलो वाढवत गेलो. चौथ्या आठवड्यात, चौथ्या सेटच्या दुसऱ्या खेपेला पाठ वाकली आणि कमरेत उसण भरली. तीन दिवस जमिनीवर चटई टाकून पडून होतो. मोजे घालायला मुलीला हाक मारावी लागायची. डॉक्टरांनी तपासून विचारलं, "कशासाठी उचलत होता एवढं?" मी म्हणालो, "सिलिंडरसाठी." ते हसले, पण त्यांचा प्रश्न मात्र बरोबर होता. सेट किती आणि किती वेळा, हे ठरवण्याआधी त्याचं उत्तर हवं.

जिममध्ये सर्रास चालणारं 'दहाचे तीन', म्हणजे दहा वेळा, तीन सेट, हे कुठून आलं, त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी थॉमस डेलॉर्म हा अमेरिकी लष्करी डॉक्टर शिकागोत जखमी सैनिकांच्या पायांत पुन्हा बळ आणण्यासाठी त्यांच्याकडून वजनं उचलून घेत होता. आधी तो सात ते दहा सेट करून घ्यायचा. १९४८ पर्यंत ते तीनवर आणले. पण त्याचे तीन सेट सारखे नव्हते. जेमतेम दहा वेळा उचलता येईल असं वजन शोधायचं. पहिला सेट त्याच्या निम्म्याने, दुसरा पाऊण आणि तिसरा पूर्ण वजनाने. ते वजनही वेळोवेळी नव्याने शोधायचं. जगभरच्या जिमनी आकडा तेवढा घेतला आणि वजनाची अट सोडून दिली. माझं कार्ड त्याच घराण्यातलं.

ताकद हवी असेल तर वजन जड, एका सेटमध्ये तीन ते सहा वेळा, आणि दोन सेटच्या मध्ये तीन मिनिटं खुशाल बसा. फोन बघितला तरी चालेल. जड वजनात स्नायूंबरोबर त्यांना हुकूम देणाऱ्या नसाही शिकत असतात आणि थकलेल्या अंगाला तो धडा गिरवता येत नाही. पण हा रस्ता काही महिने हलक्या-मध्यम वजनाने हालचाल घोटल्यानंतरचा. मी थेट त्यावर उडी मारली.

दंड भरायचे असतील तर सहा ते बारा हा जुना आकडा सोयीचा. पंचवीस-तीस वेळा उचलूनही स्नायू वाढतात, अट एकच : शेवटच्या दोन-तीन वेळा खरोखर जड गेल्या पाहिजेत. त्यापेक्षा आठवड्याचा हिशेब बघा. एका स्नायूला आठवड्यात असे दहाएक मेहनतीचे सेट पुष्कळ झाले. नवख्याला त्याहून कमीत भागतं. आणि दमसास हवा असेल तर पंधराच्या पुढे जा. तालमीत जोर-बैठका शेकड्यांनी मोजतात त्या उगाच नाही, पैलवानाला आखाड्यात दम पुरवायचा असतो.

वजन किती घ्यायचं? जास्तीत जास्त किती उचलतो हे बघायला एकदम जड रॉडखाली जाऊ नका. एक हिशेब आहे, तो माझ्यासारख्या खतावणीवाल्याला फार आवडला. चाळीस किलो जास्तीत जास्त नऊ वेळा उचलता येत असतील तर चाळीस गुणिले नऊ, भागिले तीस : बारा. ते चाळिसात मिळवा. एका वेळेची तुमची ताकद बावन्न किलोच्या आसपास. हा अंदाजच, पण दहापर्यंतच्या आकड्याला बरा लागू पडतो. ताकदीचा सराव त्याच्या ऐंशी टक्क्यांपासून पुढे.

डेडलिफ्ट आणि स्क्वॉटमध्ये मी आता दोन वेळा नेहमी खिशात ठेवतो. आठ जमणार असतील तर सहावरच रॉड खाली. बायसेप्सला वाटलं तर शेवटपर्यंत ताणतो. तिथे फार तर हात दुखेल, मोजे घालायला मुलीला बोलवावं लागणार नाही. तिन्ही सेटमध्ये सहा वेळा नीट जमलं की पुढच्या खेपेला अडीच किलो वाढवायचे, दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा. आमच्या जिममध्ये एवढ्या लहान प्लेट नव्हत्या, मी विकत आणल्या. पोरं हसतात. वहीत तारीख, वजन, किती वेळा, एवढंच लिहितो. पाठ जरा जरी वाकली तर पुढे फुली, आणि त्या दिवशी वजन वाढत नाही.

मागच्या महिन्यात गॅसवाला परत खालीच ठेवून गेला. तिसऱ्या मजल्यापर्यंत एकदाच टेकवला. तोही कठड्याला अडकला म्हणून, असं घरी सांगितलंय.