विहीर, हौद आणि सौरपंप : रब्बीच्या दिवसांत करावयाची तजवीज

कार्तिक महिना लागला की पठारावरील विहिरी काठोकाठ दिसू लागतात, आणि भरलेली विहीर पाहून शेतकऱ्याचा हात स्वाभाविकपणेच सढळ होतो. माणदेश, बार्शी, आष्टी-पाटोदा अशा अवर्षणप्रवण मुलखात बागेचे क्षेत्र वाढविण्याचे बेत याच दिवसांत ठरतात, मोठ्या पंपासाठी अर्जविनंत्या याच दिवसांत होतात. आणि पुढे चैत्र सरता सरता त्याच विहिरीच्या तळाचा खडक उघडा पडून पंप कोरडा फिरू लागला म्हणजे दोष पंपाला दिला जातो. ज्या वस्तीवर विजेची तार अद्याप पोहोचलेली नाही, अथवा पोहोचली असूनही जेथे रात्रीच्या पाळीवरच भरवसा ठेवावा लागतो, तेथे सूर्यशक्तीवर चालणारा पंप आणि उंचावरचा हौद ही जोडी खात्रीची आहे. मात्र तिची आखणी करताना पाणी आधी मोजावे, हौद मग आखावा आणि पंप सर्वांत शेवटी ठरवावा, आणि हे सारे मोजमाप कार्तिकातील पाण्यावर न करता वैशाखातील पाण्यावर करावे, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

विहिरीची आवक

महाराष्ट्राच्या बहुतेक भूभागाखाली काळा बेसाल्ट खडक आहे. हा खडक अंगी पाणी धरीत नाही. पाणी असते ते त्याच्या वरच्या मुरमाड थरात आणि खडकाच्या फटींत, व तेथून ते झऱ्यांच्या वाटेने संथपणे विहिरीत उतरते. म्हणून विहिरीत आज पाणी किती उभे आहे यापेक्षा उपसलेले पाणी किती वेळात परत येते, हाच प्रश्न महत्त्वाचा. त्याचे उत्तर मिळविण्यास दोरी, तिच्या टोकाला बांधलेला दगड आणि एक वही एवढे साहित्य पुरते. सायंकाळी उपसा थांबवून पाण्याची पातळी मोजावी, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ती पुन्हा मोजावी, आणि मधल्या काळात विहिरीला हात लावू नये. सहा मीटर व्यासाच्या गोल विहिरीत पातळी दहा सेंटिमीटर वाढली तर सुमारे २,८०० लिटर पाणी आले असे समजावे. मीटरभर वाढली तर दिवसाची आवक २८,००० लिटर.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींच्या पातळ्या वर्षातून चार वेळा, म्हणजे ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे या महिन्यांत नोंदविते. तोच परिपाठ शेतकऱ्याने आपल्या विहिरीसाठी ठेवावा. गेल्या मे महिन्याची नोंद हाताशी नसेल तर घरातील वडीलधाऱ्यांना व शेजारच्या बांधावरच्यांना विचारावे. कोणत्या वर्षी विहिरीने कोणत्या महिन्यात दगा दिला, हे त्यांच्या चांगले ध्यानात असते.

गरजेचा जमाखर्च

आवक समजली की खर्चाची बाजू मांडावी. उदाहरणादाखल सहा माणसे, चार मोठी जनावरे, दहा शेळ्या आणि दोन एकर डाळिंब असे एक कुटुंब घेऊ. जलजीवन मिशनच्या मानाप्रमाणे माणशी ५५ लिटर धरले तर घराचे ३३० लिटर होतात. जनावरामागे ७० लिटरप्रमाणे २८०, आणि शेळीमागे सहा लिटरप्रमाणे ६०. म्हणजे घर आणि गोठा मिळून ७०० लिटरही लागत नाहीत. बागेचे मान निराळे. साडेचार बाय तीन मीटरवर लावलेली एकरी सुमारे ३०० झाडे, आणि भर उन्हाळ्यात झाडामागे दिवसाला ४० लिटर, असे धरले तर एकरी १२,००० व दोन एकरांस २४,००० लिटर पाणी लागते. एकूण मागणी २५,००० लिटरच्या घरात जाते.

वैशाखात ही विहीर दिवसाला मीटरभर भरत असेल तर हा जमाखर्च कसाबसा जुळतो. साठच सेंटिमीटर भरत असेल तर आवक १७,००० लिटरवर येते, आणि तेथे शहाण्याने एक एकरावरच थांबावे. बाग लावण्यापूर्वी कागदावर सोसलेली ही तूट पुढे टँकरच्या पाण्यावर झाडे जगविण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

हौदाची जागा आणि बांधणी

सूर्य दिवसा पाच-सहा तासच भरघोस काम देतो, आणि आकाश ढगाळले म्हणजे तेवढेही देत नाही. ही उणीव विजेच्या बॅटऱ्यांनी भरून काढणे महागाचे आहे. पाणीच उंचावर साठवून ठेवले की तेवढ्याने काम भागते. दोन दिवसांच्या गरजेइतका, म्हणजे ५०,००० लिटरचा हौद वरील कुटुंबास योग्य ठरेल. आतून पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि दोन मीटर पाण्याची खोली असे त्याचे माप येते. वरचा वीतभर काठ त्याहून वेगळा ठेवावा.

इतके पाणी ५० टन वजनाचे असते, हे ध्यानात घेऊन जागा निवडावी. काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर बांधलेला हौद तडकल्यावाचून राहत नाही. म्हणून माळावरचा कठीण मुरूम गाठावा. शेताच्या वरच्या अंगास टेकाड असेल तर तेच उत्तम. हौदाचा तळ बागेपेक्षा दहा मीटर उंच असेल तर पाण्याला चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब मिळतो, आणि ठिबक संचाला साधारण तेवढाच लागतो. गाळणीत व नळ्यांत काही दाब खर्ची पडतो म्हणून बारा मीटर उंची मिळाल्यास अधिक बरे. सपाट रानात तीन मीटरांच्या चौथऱ्यावर टाकी चढविली तर दाब एक तृतीयांश किलोसुद्धा मिळत नाही. तो घराला व गोठ्याला पुरेल, परंतु नेहमीच्या ठिबकासाठी तेथे निराळा लहान पंप जोडावा लागेल.

बांधकामास कार्तिक ते माघ हा काळ सर्वांत अनुकूल. खरिपाची काढणी उरकलेली असल्याने मजूर मिळतात, आणि ऊन सौम्य असल्याने गिलावा एकाएकी वाळून चिरत नाही. तरीही किमान दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ पाणी मारण्यात कुचराई करू नये. हौदाला चार वाटा हव्यात: वरून भरण्याची नळी, तळापासून वीतभर उंचीवर बागेकडे जाणारी नळी, तळाशी गाळ काढण्याची तोटी, आणि काठाजवळ जादा पाण्याचा सांडवा. सांडव्याला बारीक जाळी लावावी, म्हणजे डास आत शिरत नाहीत.

हौदावर झाकण हवेच, परंतु त्याचे कारण नीट समजून घ्यावे. उन्हाळ्यात दिवसाला दहा मिलिमीटर पाणी उडून जाते असे धरले तर एवढ्या हौदातून २५० लिटरच जातात, ते सोसता येते. तीस बाय तीस मीटरच्या शेततळ्यातून मात्र त्याच हिशेबाने ९,००० लिटर जातात. हौद झाकावयाचा तो उजेड अडविण्यासाठी, कारण उजेडाने शेवाळ धरते व शेवाळाने ठिबकाची तोंडे बुजतात. आणि त्याहून मोठे कारण म्हणजे वस्तीवरची लहान मुले.

पिण्याचे पाणी निराळ्या दोन हजार लिटरच्या टाकीत घ्यावे. हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल पावडर थोड्या पाण्यात कालवून, वरची निवळी टाकीत मिसळावी आणि अर्ध्या तासानंतरच ते पाणी वापरावे.

पंप किती शक्तीचा

येथवर आल्यावर पंपाचा प्रश्न जवळजवळ आपोआपच सुटतो. वैशाखातील पाणी जमिनीपासून १८ मीटर खाली, हौदाचा तळ १२ मीटर वर, हौदाच्या भिंतीची दोन मीटर उंची आणि नळीतील घर्षण, असे मिळून सुमारे ३५ मीटरांची चढण होते. एवढ्या चढणीवर पाच तासांत २५,००० लिटर चढविण्यास दीड अश्वशक्तीचा पंपही पुरेसा आहे! तीन अश्वशक्तीचा पंप तेच काम स्वच्छ उन्हात दोन तासांच्या आतबाहेर आटोपील, आणि साडेसातचा पंप झऱ्यांना सवड न देता विहीर कोरडी करून मोकळा होईल. मोटेच्या काळी बैलांच्या संथ चालीमुळे विहिरीला ती सवड मिळत असे. पंप मोठाच असेल तर विहिरीत पातळीदर्शक तार सोडून, पाणी खाली जाताच पंप बंद पडेल आणि हौद भरताच थांबेल, अशी योजना नियंत्रकात करून घ्यावी.

पृष्ठभागावरचा पंप सहा-सात मीटरांहून खोलचे पाणी ओढू शकत नाही. खोल विहिरीत पाणबुडी पंपच बसवावा. नळीत काटकसर करू नये: वरील प्रवाह दोनशे मीटर अंतर ६३ मिलिमीटरच्या नळीतून नेला तर घर्षणात मीटरभर उंची जाते, ४० मिलिमीटरच्या नळीतून नेला तर जवळजवळ दहा मीटर. पंप तीन अश्वशक्तीचा असेल तर ७५ मिलिमीटरची नळी घ्यावी. पीव्हीसी नळी उन्हात ठिसूळ होते, म्हणून ती जमिनीत गाडावी.

सौरपट्ट्यांची तोंडे दक्षिणेस असावीत आणि कल सुमारे आपल्या अक्षांशाइतका, म्हणजे आपल्याकडे १६ ते २२ अंशांचा असावा. बांधावरच्या बाभळीची सावली पट्टीच्या एका कोपऱ्यावर पडली तरी उत्पन्न पुष्कळ घटते. वळिवाच्या विजांसाठी भूसंपर्क व तडितरोधक यांची रुजुवात चैत्रापूर्वीच करावी.

दरखास्त आणि देखभाल

राज्य शासनाच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्यास किमतीच्या १० टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यास ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्ती, असे तेथील मान आहे. हे मान सातबाऱ्यावरील क्षेत्राचे आहे, विहिरीच्या आवकेचे नव्हे. तेव्हा मोठा पंप मिळण्यास आपण पात्र आहोत एवढ्यावरून तो घेतलाच पाहिजे असे नाही. अर्ज महावितरणमार्फत रीतसर करावा, मध्यस्थाच्या हाती पैसे देऊ नयेत, आणि पाच वर्षांच्या दुरुस्तीची हमी व विम्याचे कागद दप्तरी जपून ठेवावेत.

पट्ट्यांवरील धूळ माघापासून दर आठवड्यास पहाटे, काच थंड असताना, साध्या पाण्याने धुवावी. ठिबकाची गाळणी रोज पाहावी. हौदाचा गाळ ज्येष्ठात पावसापूर्वी काढावा. या वर्षी निदान एवढे करावे: येत्या पौर्णिमेस विहिरीची पहिली नोंद वहीत घ्यावी, हौदाची जागा पौषापूर्वी मुक्रर करावी आणि शिमग्यापर्यंत हौद पाण्याने भरून त्याची गळती तपासावी. पुढच्या वैशाखाची नोंद हाती आली म्हणजे बाग वाढवावी की आहे तीच जोपासावी, याचा निर्णय विहिरीच्याच आकड्यांवरून करता येईल.