आमवात व हिरवा चहा

हैदराबादसारख्या शहरात चहाविषयी नवे काही सांगू जाणे हे धाडसच होय. इराणी हॉटेलांतील दीर्घकाळ उकळलेला, दाट दुधाचा चहा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. अलीकडे मात्र घरोघरी हिरव्या चहाची पुडकी दिसू लागली असून, त्याने आमवात बरा होतो, असे सांगितले जाते. या समजुतीत तथ्य किती, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. कित्येक घरांत गवती चहालाच हिरवा चहा म्हणतात. ती एका सुगंधी गवताची पात. चहाचे झाड निराळे. नेहमीचा काळा चहा व हिरवा चहा ही मात्र एकाच झाडाची पाने होत. पाने चुरगळून ठेवली की हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन ती काळी पडतात. हिरव्या चहाची पाने खुडल्यावर लवकरच वाफेवर किंवा कढईत तापवितात. त्यामुळे ही क्रिया थांबते व ‘कॅटेचिन’ नावाची द्रव्ये पुष्कळशी टिकून राहतात. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात असा चहा तयार होतो.

आता रोगाकडे वळू. उतारवयात गुडघे झिजून दुखतात, तो आमवात नव्हे. डॉक्टर ज्याला रुमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, त्या आमवातात शरीराचे रक्षण करणारी शक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. दोन्ही हातांची बोटे व मनगटे सुजतात. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा रोग दुपटी-तिपटीने आढळतो. उपचाराविना राहिल्यास सांध्यांची हाडे झिजून बोटे वाकडी होतात आणि झालेली हानी भरून येत नाही.

१९९९ साली अमेरिकेतील संशोधकांनी काही उंदरांना हिरव्या चहातील द्रव्ये पाण्यातून दिली व त्यांच्यात कृत्रिम उपायांनी संधिवात उत्पन्न करण्याचा प्रयत्न केला. ही द्रव्ये न मिळालेल्या उंदरांपेक्षा त्यांच्यात रोगाचे प्रमाण बरेच कमी आढळले. कॅटेचिनमुळे दाह शमतो, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. परंतु उंदरांवरील तो प्रयोग रोग टाळण्याचा होता, जडलेला रोग बरा करण्याचा नव्हता. माणसांवरील प्रयोग थोडे व लहान आहेत. तात्पर्य, हिरवा चहा उपचाराच्या जोडीला घ्यावा. त्याच्यावर विसंबून औषध सोडू नये.

या रोगावरील प्रमुख औषधांपैकी मेथोट्रेक्सेट हे एक. १८९५ साली आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले शास्त्रज्ञ येल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली ते अमेरिकेत तयार झाले, ही आपणांस अभिमानाची गोष्ट आहे. मुळात कर्करोगासाठी शोधलेले हे औषध पुढे अल्प मात्रेत आमवातावर उपयोगी ठरले. ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते व यकृतावरील परिणाम पाहण्यासाठी वेळोवेळी रक्त तपासावे लागते. हिरव्या चहाच्या अर्काच्या तीव्र गोळ्यांनीही काहींच्या यकृताला इजा झाली आहे. म्हणून अशा गोळ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत. रक्त पातळ करण्याचे औषध चालू असणाऱ्यांनी तर चहाविषयीही विचारावे.

चहा करण्याची रीत सोपी आहे. पाणी उकळून दोन-चार मिनिटे निवू द्यावे, कपाला लहान चमचाभर पाने टाकून दोन-तीन मिनिटे झाकावे व गाळावे. दूध-साखर नको. तो जेवणाबरोबर न घेता तासाभराने घ्यावा. कारण चहाने अन्नातील लोह अंगी लागण्यास अडथळा येतो आणि या रोग्यांत पांडुरोग पुष्कळदा आढळतो. दिवसाकाठी एक-दोन कप पुरेत.

विद्यार्थी मित्रांनो, घरातील दुखणे प्रथम तुमच्याच दृष्टीस पडण्याचा संभव असतो. आईला पहाटे वेणी घालता येत नसेल, भाकरी थापताना तिची बोटे आखडत असतील आणि असे काही आठवडे चालले असेल, तर ‘थंडीने होते’ म्हणून ते सोडून देऊ नका. आपल्या शहरात पंजागुट्टा येथील निम्स रुग्णालयात संधिवातासाठी स्वतंत्र विभाग आहे. आईला तेथे घेऊन जाण्याचा आग्रह वडिलांपाशी धरा. परत आल्यावर तिच्यासाठी हिरवा चहा अवश्य करा; मात्र औषधाचा वार विसरू देऊ नका.