पडतळ आधी, मशिनरी नंतर

जळगाव-धुळ्याकडे नव्याने कापसाचं जिन टाकणारे विचारतात, मशिनरी कुठली घ्यावी? मी म्हणतो, आधी पडतळ, म्हणजे घेतलेल्या कापसाच्या भावाने रुई कितीला पडते ते, काढायला शिका. काट्यावर गाडी चढते तेव्हा शेतकऱ्याला गावातला भाव हवा असतो, आणि रुई घेणारी मिल न्यूयॉर्कचा वायदा बघून बोलते. आपण जिनवाले मध्ये.

क्विंटलभर कापसाला रुईचा उतारा साधारण 34-35 किलो, बाकी बहुतेक सरकी. 356 किलो रुईच्या एका खंडीला दहा क्विंटलच्या वर कापूस लागतो. म्हणजे खंडीचा भाव 5000 रुपयांनी उतरला की आत पडलेल्या कापसाच्या क्विंटलमागे जवळपास 500 रुपये गेले. सरकी तेजीत असेल तर थोडं सावरतं.

2022 च्या मे महिन्यात खंडी लाखावर गेली होती. सरकारने एप्रिलमध्येच रुईवरचं 11 टक्के आयात शुल्क उठवलेलं. जूनमध्ये न्यूयॉर्क कोसळलं. दक्षिणेतल्या ज्या मिलशी माझा सौदा पक्का होता, ती गठाणी पोचल्यावर ओलाव्याचं निमित्त काढून भाव तोडू लागली. तेजीत ओलाव्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता! पुढच्या हंगामात शेतकरी त्याच चढ्या भावाची वाट बघत बसले. घराघरांत उन्हाळ्यापर्यंत कापूस, लेकरांच्या अंगाला खाज; इकडे जिन बंद आणि बँकेचं व्याज चालू.

ही तेजी-मंदी आजची नाही. अमेरिकेतल्या यादवीत जळगावची कापूसपेठ फुगली होती, 1865 मध्ये युद्ध संपताच आपटली.

2025 मध्ये ऐन हंगामाच्या तोंडावर 19 ऑगस्टला आयात शुल्क पुन्हा हटलं, आणि 27 ऑगस्टपासून अमेरिकेने आपल्या मालावर 50 टक्के शुल्क लावलं. तिकडे कपड्याच्या ऑर्डरी अडल्या की सूत अडतं, मग रुई. शुल्कमाफी आधी सप्टेंबरअखेर होती, ती डिसेंबरअखेरपर्यंत वाढली. खरं सांगू, ब्राझीलच्या रुईपेक्षा मला या अधिसूचनांचाच जास्त धसका आहे.

ब्राझील-ऑस्ट्रेलियाची रुई मिलवाले घेतात ते ती स्वच्छ असते म्हणूनही. आपल्याकडे प्लास्टिकच्या गोणीचा एक धागा रुईत गेला, की तो रंगवलेल्या कापडावर उघडा पडतो. ढिगावर बाया बसवून सुतळी, गुटख्याच्या पुड्या वेचून घ्या. मजुरी जाते, पण मिलला भाव तोडायला एक कारण कमी होतं.

सौदा लेखी करा. ओलाव्याचा नमुना गाडी भरताना जिनवरच काढा, दोघांच्या सह्या घ्या. सरकी रोजच्या रोज विका. खेडा खरेदीचा भाव फोडण्याआधी रात्रीचा वायदा आणि डॉलर बघा. दिवसभरात जेवढा कापूस आत घेतला तेवढ्या रुईचा सौदा संध्याकाळपर्यंत लागला नाही, तर दुसऱ्या दिवशीची खरेदी निम्मी करा. गाड्या शेजारच्या जिनकडे वळल्या तरी चालेल.